घरीं बांधलेलें लाकडी विमान



विमान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रचंड कारखाना, कोट्यवधि रुपयांचें भांडवल आणि तज्ज्ञांचा मोठा ताफा उभा राहतो. रंधा, पटाशी आणि करवत यांच्या बळावर विमान बांधतां येईल असें कोणी म्हटलें, तर आपण त्याची थट्टाच करूं. तथापि विमानविद्येचा जन्म झाला तो लाकूडकामांतच. आणि आजही अनेक देशांत सामान्य गृहस्थ घरालगतच्या खोपींत लहानसें लाकडी विमान बांधून तें उडवितात. आमच्या खेडाकडे साग, किंजळ, फणस यांच्या लाकडाची पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खाडीकांठीं होड्या बांधणारे हातही कोंकणाला नवे नाहींत. अशा एखाद्या कुशल हातानें विमान बांधावयाचें मनांत आणलें तर त्यास काय काय जाणलें पाहिजे, आणि तें धाडस त्यानें करावें कीं नाहीं, याचा आज थोडा विचार करूं.

इ. स. १९०३ च्या डिसेंबरच्या १७ तारखेस अमेरिकेंतील राइट बंधूंनीं जें विमान उडविलें, तें स्प्रूस व अ‍ॅश या लाकडांचें असून त्याच्या पंखांवर मलमल ताणलेली होती. त्याचें एंजिन अवघें बारा अश्वशक्तीचें होतें, आणि पहिलें उड्डाण बारा सेकंद टिकून एकशेंवीस फूट गेलें. राइट बंधू हे सायकलींचे कारागीर होते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यापूर्वीं, १९०१ सालीं, त्यांनीं एका लांबट लाकडी पेटींतून वारा सोडून सुमारें दोनशें आकारांच्या इवल्याशा पंखांची परीक्षा केली होती, हें फारसें कोणी सांगत नाहीं. त्यांचें यश हातांतल्या कसबाइतकेंच त्या पेटींतल्या चिकाटीचेंही होतें.

विमानास लाकूड कां चालतें? कारण वजनाच्या मानानें त्याची ताकद मोठी असते. स्प्रूस हें सूचिपर्णी वृक्षाचें लाकूड एका घनमीटरास सुमारें सवाचारशें ते साडेचारशें किलो भरतें. आपला साग त्याच्या जवळजवळ दीडपट जड. साग घराच्या खांबाला उत्तम, पण उडणाऱ्या वस्तूंत प्रत्येक शेराचा हिशेब द्यावा लागतो. शिवाय लाकडाची जात चांगली असून भागत नाहीं. तोच तुकडा चांगला असावा लागतो. त्याचे रेषे सरळ हवेत. पंधरा इंच लांबींत एक इंचापेक्षां अधिक तिरपे गेलेले रेषे असलेली फळी मुख्य तुळईस चालत नाहीं. एका इंचांत निदान सहा वाढीचीं वलयें दिसलीं पाहिजेत. गांठ, चीर, कीड यांपैकीं कांहीं दिसलें तर ती फळी कितीही महाग असली तरी बाजूस ठेवावी.

पंखाची रचना आपल्या कौलारू छपराची आठवण करून देते. पंखाच्या लांबीभर साधारणतः दोन तुळया जातात. तुळईची वरची पट्टी उड्डाणांत दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधला पातळ प्लायवुडाचा पडदा दोघींस एकत्र धरून ठेवतो. म्हणूनच ती भरीव न करतां पेटीसारखी पोकळ करतात. मधलें लाकूड ताकदींत थोडी आणि वजनांत फार भर घालतें. या तुळयांवर बारीक काड्यांच्या फासळ्या ओंवाव्या, पुढच्या कडेस पातळ प्लायवुड वांकवून बसवावें, वर कापड ताणून त्यावर लेप द्यावा, म्हणजे पंख सिद्ध झाला. येथें खिळ्यांवर भिस्त नसते. खिळा सरस वाळेपर्यंत तुकडे धरून ठेवतो एवढेंच. खरा भार सरसाचा सांधा वाहतो. दोन फळ्या लांबींत जोडावयाच्या तर त्यांचीं टोकें जाडीच्या दहा-बारा पट लांब तासून एकमेकींवर बसवावीं लागतात.

आणि सरसाचा हा सांधा हेंच आम्हां कोंकणवासीयांच्या दृष्टीनें मर्मस्थान आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या डी हॅव्हिलंड कंपनीनें मॉस्किटो नांवाचें अतिशय वेगवान लाकडी लढाऊ विमान केलें. बर्च लाकडाच्या दोन पातळ प्लायवुडांमध्यें बाल्सा हें हलकें लाकूड घालून त्याची काया बनविली होती. हीं विमानें ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठीं हिंदुस्थानांत आलीं, आणि १९४४ च्या अखेरीस कांहीं विमानें हवेंत मोडल्यामुळें सर्वांचीं उड्डाणें थांबवून तपासणी करावी लागली. पंखांचें आवरण तुळईपासून सुटत असल्याचें आढळलें. सांधे नीट न बसल्यानें राहिलेल्या फटी आणि आंत शिरलेला ओलावा यांवर त्या वेळीं बराच ऊहापोह झाला. दुधांतील केसीनपासून केलेला जुना सरस दमट हवेंत मऊ पडतो व त्यास बुरशीही लागते. म्हणून पुढें युरिया-फॉर्मल्डिहाइडसारखे कृत्रिम सरस वापरांत आले, व हल्लीं इपॉक्सी सर्रास वापरतात. खेडास पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढांत आपल्या घराचीं दारें फुगून बसतात, तेंच पंखाच्या तुळईचें होईल. म्हणून येथें विमान बांधणारानें सरसकाम कोरड्या दिवसांत करावें, पंखांत पाणी सांचूं नये म्हणून निचऱ्याचीं भोंकें ठेवावीं, आणि प्रत्येक वेळीं कालविलेल्या सरसाचा एक नमुना वेगळा जोडून वाळल्यावर तोडून पाहावा. लाकूड फाटलें तर सांधा चांगला; सांधाच सुटला तर त्या दिवसाचें सारें काम संशयास्पद समजावें.

परंतु उत्तम सुतारकामही अपुरें पडतें, याचा दाखला फ्रान्समध्यें मिळतो. हेन्री मिन्ये या हौशी गृहस्थानें १९३३ सालीं एक चिमुकलें लाकडी विमान उडविलें व त्याचें नांव गमतीनें ‘आकाशांतील ऊ’ अशा अर्थाचें ठेवलें. लाकडी खोकें ठोकतां येणाऱ्या कोणासही हें विमान बांधतां येईल, असा त्याचा भरंवसा होता. १९३४ सालीं त्याचें पुस्तक निघालें आणि फ्रान्स व इंग्लंड येथें शेंकडों लोक कामास लागले. पाठोपाठ अपघात होऊं लागले, माणसें दगावलीं. तेव्हां दोन्ही देशांतील वायुपरीक्षागृहांत खरें विमान ठेवून शोध घेण्यांत आला. या विमानास एकामागें एक असे दोन पंख होते. एका मर्यादेपलीकडे नाक खालीं गेलें कीं चालकानें दांडा मागें ओढावा, तर पुढल्या पंखावरून वळलेली हवा मागल्या पंखासच अधिक उचली, आणि नाक आणखीच खालीं जाई! मरण पावलेल्या चालकांनीं जें करावयाचें तेंच केलें होतें. चूक आराखड्यांत होती. पुढें रचना सुधारली, पण जे गेले ते गेलेच.

आपल्या महाराष्ट्रांत या विषयावर बोलतांना शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव निघतेंच. १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर त्यांनीं विमान उडविलें, असें अभिमानानें सांगितलें जातें. मात्र त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा पुढें आलेला नाहीं. आणि ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथांतील आराखडे तपासून, अशीं यंत्रें उडूं शकणार नाहींत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं मांडला. तळपद्यांच्या जिज्ञासेस नमस्कार करावा. पण आपल्याला खरोखरच अभिमान बाळगावयाचा तर त्यासाठीं डोळ्यांसमोर घडलेलें उदाहरण आहे.

वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें लाकडाचें नसून धातूच्या पत्र्याचें. परंतु घरीं विमान बांधण्याचा मार्ग कसा असतो तें त्यावरून कळतें. गच्चीवर बांधलेलें विमान खालीं आणावयास क्रेन लागली. १९१६ नव्हे, २०१६ च्या फेब्रुवारींत तें वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. त्याची सरकारी नोंदणी झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरांत. उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ सालीं. आणि चांचणीसाठीं धुळ्याची धावपट्टी गांठावी लागली. हातोडीचें काम आटोपल्यावरही माणसाच्या चिकाटीची केवढी परीक्षा असते, तें या तारखाच सांगतात.

यावरून आपल्या होतकरू कारागिरानें काय घ्यावें? आराखडा स्वतःच्या कल्पनेचा नसावा. पुष्कळांनीं बांधून वर्षानुवर्षें उडविलेला असावा. पंख तयार झाल्यावर ते उलटे मांडून, आराखड्यांत सांगितला असेल तेवढा भार वाळूच्या पिशव्यांनीं त्यांवर घालून पाहावा. विमानाचा गुरुत्वमध्य ठरल्या मर्यादेंत आहे कीं नाहीं तें तराजूवर तपासावें. शेपटीकडे भार झुकलेलें विमान चालकाच्या हातीं राहत नाहीं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी कटकट वाटली, तरी ती शेजाऱ्याच्या छपराची व मुलाबाळांची राखण आहे, हें विसरूं नये. आणि पहिलें उड्डाण खेडाच्या आसपास करण्याचा मोह टाळावा. एका बाजूस सह्याद्रीचे कडे, दुसरीकडे खोल दऱ्या व झाडी. एंजिन बंद पडल्यास उतरावें कोठें? मोकळें मैदान आणि अनुभवी चालक या दोहोंवांचून चाकें जमिनीवरून उचलूं नयेत.

मग हें धाडस करावें काय? माझें उत्तर, करावें, असेंच आहे. मात्र एकट्यानें करूं नये. अमेरिकेंत १९५३ सालीं अशा हौशी बांधणारांची संस्था निघाली, तेव्हांपासून एकाचें काम दुसऱ्यानें तपासावयाचें, ही पद्धत तेथें रुजली. आपल्या देशांतही लाकडी विमानाची परंपरा नाहीं असें नाहीं. रोहिणी हें आपल्याकडेच आंखलेलें लाकडी ग्लायडर १९६१ सालीं उडालें आणि त्यावर अनेक तरुण शिकले. खेडासारख्या गांवीं शाळेचे विज्ञानशिक्षक, एखादे जाणते सुतार आणि दोन-चार उत्साही मुलें यांनीं एकत्र येऊन आधीं पंखाची एकच फासळी करावी, तिच्यावर वजनें टांगावीं, ती किती भारास व कोठें मोडली हें वहींत टिपावें, आणि मग दुसरी करावी. त्या वहीचीं पानें भरूं लागलीं कीं, विमान उडो न उडो, गांवांत विमानविद्या आली असें खुशाल समजावें.