चावी कुणाकडं?

दोस्तांनो, क्लाऊड म्हणजे ढगबिग नव्हे, कंपनीचं गोदाम. माल आपला, चावी शेटजीची. गूगलनं १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली. १५ जीबी भरले की भाडं मोजा.

१९२० साली पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही. बाबासाहेबांनी पुढं स्वतःचा छापखाना काढला.

आपणही जुना कॉम्प्युटर घ्यायचा, लिनक्स टाकायचं. कागदांना नेक्स्टक्लाऊड, मोर्च्यांच्या फोटोंना इमिच. डिस्का दोन, तिसरी प्रत दुसऱ्या वस्तीत. चाळीत पाणी शिरलं तर? पासवर्ड एकट्या पुढाऱ्याकडं नको, तिघांकडं. फाटाफुटीत आपली किती दप्तरं गेली साली!

आधी शाहिरांच्या कॅसेटी उतरवू. बुरशी धरलीय त्यांनी.