पटावरची हजेरी आणि घरचे काम



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेवरची तीन गावे. त्यांच्या चाळींतून आणि झोपडवस्त्यांतून शाळेस जाणाऱ्या मुलींचा दिनक्रम पाहू गेल्यास तो तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच आढळतो. मुलीचे नाव पटावर असते, फी बारावीपर्यंत माफ असते, आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा २००९ सालचा कायदाही तिच्या पाठीशी असतो. परंतु ज्या घरातील आई धुण्याभांड्यांच्या कामासाठी पहाटेची लोकल गाठते, त्या घराचा कारभार तिच्यामागे बहुधा थोरल्या मुलीच्याच अंगावर पडतो. नळाला पाणी येईल त्या वेळी उठून पिंप भरणे, पोळ्या लाटणे, वडिलांचा नि भावाचा डबा बांधणे, धाकट्याला अंघोळ घालून अंगणवाडीत पोचवणे, एवढे उरकून ती शाळेत पोचते तेव्हा प्रार्थना आटोपलेली असते आणि पहिल्या तासाचे गणित फळ्यावरून पुसलेही गेलेले असते. गुरुजी तिची हजेरी मांडतात. बुडालेल्या तासाची नोंद मात्र कोणत्याच दप्तरी होत नाही.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी ज्या उद्यमशीलतेने उल्हासनगर उभे केले, तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. तथापि त्याच गावी शिवल्या जाणाऱ्या जीनच्या विजारींचे सुटे धागे कापण्याचे काम नगावर घरोघरी दिले जाते, आणि संध्याकाळी आईच्या शेजारी कात्री घेऊन बसते ती मुलगीच. कोऱ्या कापडाचा निळा रंग तिच्या बोटांना लागतो, आणि रात्री उशिरा उघडलेल्या वहीच्या कडेला तो उमटतो. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सरसकट मनाई केली खरी; पण शाळा सुटल्यावर घरच्या उद्योगास हातभार लावण्याची मुभा ठेवली, आणि स्वयंपाकपाण्याचा तर त्या कायद्याशी संबंधच येत नाही.

मुलगे काही करीत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. दळण आणणे, सिलिंडर वाहून नेणे, वाण्याकडची फेरी मारणे ही कामे त्यांच्याकडेच असतात, आणि पुढे घर अडचणीत आले की शाळा सोडून कारखान्यात जाण्याची पाळी बहुधा त्यांच्यावरच येते. फरक आहे तो कामाच्या स्वरूपात. दळण आणून टाकले की मुलगा सुटला. मुलीच्या कामाला असा शेवट नाही, कारण तान्हे भावंड कधी रडेल आणि दाराशी कोण येईल याचा नेम नसतो, आणि अभ्यासाला लागते ती सलग, निर्वेध अशी वेळ नेमकी तिलाच मिळत नाही. २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो, आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. या पाहणीत सहा वर्षांपासूनची मुलेमुलीही धरलेली होती, हे विसरता कामा नये.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याचे स्मरण येथे अगत्याचे आहे. आदिवासी मुलगी भावंडाला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. पालकांना दोष देत बसण्यापेक्षा मुलाच्या कामाचा माग काढून शाळेने आपली रचना बदलावी, हा त्यांचा विचार मला आजही अत्यंत मोलाचा वाटतो. आपल्या या वस्त्यांत अंगणवाडी दुपारी बंद होते आणि आई परतते दिवेलागणीला. मधले तास कोणी भरून काढायचे, हे घरात न विचारताच ठरलेले असते. नगरपालिकांनी आणि महापालिकेने शाळांच्या आवारातच संध्याकाळपर्यंत चालणारी पाळणाघरे उघडली, तर थोरल्या बहिणीला निदान तेवढे तास मोकळे मिळतील.

आणि पालकसभेत गुणपत्रिका वाटण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी बापलोकांस एवढे अवश्य विचारावे की घरी पाणी कोण भरते, आणि परीक्षेच्या आठवड्यात ते काम मुलाकडे देता येईल काय. बालभारतीच्या दुसरीच्या २०१९ सालच्या पाठ्यपुस्तकात स्त्री-पुरुष दोघे मिळून भाजी निवडीत बसल्याचे चित्र छापलेले आहे. असा धडा घेताना वर्गातील मुलांकडूनही भाजी निवडून घ्यावी.