पेट्रोल की डिझेल? आधी गाडीची उंची सांगा

(नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेत गोदाघाटावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘कुटुंबाची गाडी : पेट्रोल की डिझेल?’ संयोजकांनी सुचवला आणि मी लगेच हो म्हटलं. त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. मला कुठल्याही गाडीवर बोलायला सांगा, मी शेवटी स्टेशन वॅगनवर येतो. आमच्या घरच्यांना ते चांगलं ठाऊक आहे, म्हणून ते सगळे मागच्या रांगेत, जिन्याजवळ बसलेत. (हशा)

इंजिनाचं शास्त्र मी सोडून देतो. ठिणगीनं पेटतं ते पेट्रोल, दाबानं पेटतं ते डिझेल. बाकी कॉम्प्रेशन रेशो वगैरे तुमचं शाळा-कॉलेजात होऊन गेलंय. सगळेजण मान हलवताहेत, म्हणजे झालेलं दिसतंय. पुढे जाऊ.

आधी हिशेब, कारण तो ऐकायलाच निम्मे लोक आलेत. पेट्रोल १०४ रुपये धरा, डिझेल ९१. पेट्रोल गाडी लिटरला १३ देते, डिझेल १७. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ८ रुपये आणि डिझेलचे ५ रुपये ३५ पैसे. वाचले २ रुपये ६५ पैसे. डिझेल मॉडेल दीड लाखानं महाग असेल, तर ते दीड लाख वसूल व्हायला छप्पन्न-सत्तावन्न हजार किलोमीटर लागतात. त्यात आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वाहनकर ११ टक्के आणि डिझेलला १३, तो फरक वेगळा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्यानं डिझेल घेतली, तर वसुली व्हायला सहा वर्षं लागतील. तोवर मुलगा मोठा होऊन म्हणणार, बाबा, ही गाडी विका. झाला हिशेब. वही मिटा.

पण आपण डिझेल घेतली ती या हिशेबानं नाहीच. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेलेच होते. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी चढलं, तेव्हा दोघांत तीसेक रुपयांचं अंतर होतं. पंपावर उभं राहून माणूस शेजारच्या डिझेलच्या आकड्याकडे बघायचा आणि मनातल्या मनात पुढची गाडी ठरवायचा. ते अंतर गेलं, सवय मात्र राहिली. आणि सवयीला कारण लागतं म्हणून आपण म्हणायला लागलो, “डिझेलला ताकद असते हो! कसाऱ्याच्या घाटात कळतं.”

आता मी माझ्या मुद्द्यावर येतो. घरच्यांनी उठायला हरकत नाही. (हशा)

ताकद म्हणजे काय, याचं उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात तयार झालं होतं. छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचं औरंगाबाद) शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. तिथून ऑक्टाव्हिया निघायची. एक १.९ लिटर डिझेल, ९० अश्वशक्तीची. आणि २००४ च्या सुमारास आली आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. दोघींचा टॉर्क, म्हणजे चाकाला पिळा देणारा जोर, किती? डिझेलचा २१० न्यूटन-मीटर. पेट्रोलचा? (श्रोत्यांतून : “दीडशे!”) नाही. पेट्रोलचाही २१०! आणि तो इंजिनाच्या मिनिटाला साधारण १७५० फेऱ्यांपासूनच. डिझेलला तिथे पोचायला १९०० लागायच्या. मग फरक कुठे? डिझेलचा जोर चार हजार फेऱ्यांच्या आसपास आटोपतो, पेट्रोलचा पुढेही चालू राहतो. शक्ती म्हणजे जोर गुणिले फेऱ्या, म्हणून तिकडे नव्वद आणि इकडे दीडशे. शिवाय दाब सोसायला डिझेलचं इंजिन जाडजूड करावं लागतं, ते वजन गाडीच्या नाकावर बसतं आणि वळणावर नाक बाहेर ओढतं. ज्याला मुलंबाळं, सासूबाई, सामान सगळं घेऊनही घाटात गाडी चालवायची हौस आहे, त्याच्यासाठी टर्बो पेट्रोल हे उत्तर तेव्हाच मिळालेलं होतं. त्याच ऑक्टाव्हियाची कॉम्बी नावाची स्टेशन वॅगनही इथे विकली गेली. किती जणांनी घेतली? इथे कोणाकडे होती? ... एक हात. दादा, कार्यक्रमानंतर भेटा, जाऊ नका. (हशा)

मग डिझेलशिवाय चालतच नाही असं का वाटतं? कारण आपण उंच गाड्या घेतल्या. माझं म्हणणं एवढंच आहे : पेट्रोल की डिझेल हा प्रश्न टाकीत ठरत नाही, छताच्या उंचीवर ठरतो. पहिली स्कॉर्पिओ, २००२ ची, आपल्या नाशकातली. उंची जवळपास दोन मीटर. ऑक्टाव्हिया दीड मीटरच्या आत. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि त्याला लागणारी शक्ती तिपटीहून जास्त. ऐंशीनं जाताना उंची जाणवत नाही. पण जून २०२५ पासून इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढलात की पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट पलीकडे, कसाऱ्याचा घाट बाजूलाच. तिथे सपाटीवर मर्यादा १२० ची. म्हणजे ज्या घाटासाठी आपण डिझेल घेत होतो तो टळला आणि समोर आली हवा. हवेपुढे उंच गाडी म्हणजे उघडी छत्री. बुटकी, लांब, मागे भरपूर डिकी असलेली गाडी त्याच सामानाला, त्याच माणसांना कमी इंधनात नेते. तिला डिझेलची कुबडी लागत नाही.

(श्रोत्यांतून : “मग लोकांनी घेतली का नाही?”)

घेतली! आमच्या मामांनी घेतली. निफाड तालुक्यात, द्राक्षाच्या पैशातून, टाटा इस्टेट. १९९२ ची गाडी, टेल्कोची, पुण्याची. पॉवर विंडो म्हणजे गावात अप्रूप. लोक काच खालीवर करून बघायला यायचे, शेवटी मामांनी चावी खिशात ठेवायला सुरुवात केली. मार्चमध्ये मागचा बाक पाडायचा, खाली जुनी गोणपाटं आणि त्यावर द्राक्षांचे क्रेट. मुंबईच्या नातेवाइकांना वर्षभराचा मान एका फेरीत पोचवायचा. सकाळी निघताना मामा चावी अर्धी फिरवून हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट बघायचे आणि तोवर कोणी बोलायचं नाही, जणू आरती चाललीय. येताना मामींच्या बहिणीनं शिवणयंत्र दिलेलं, एक घडीची खाट, वर आम्ही भाचरं मागच्या काचेला तोंड करून. कसारा चढायला लागलो की मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करायचा. आणि ट्रकवाले आम्हाला मागे टाकायचे! (हशा) खरंच सांगतो. मामा दुसऱ्या गिअरमध्ये, मान पुढे काढून, जणू त्यांनीच ढकलायचीय. मामी शेवेचा डबा फिरवायच्या, म्हणजे मुलं बोलणार नाहीत. त्यात एकदा लतिफवाडीच्या चढावर...

नाही, राहू दे. हे मी लिहून आणलेलं नव्हतं.

मुद्दा असा की त्या गाडीत इंजिन होतं दोन लिटरच्या आतलं, ६८ अश्वशक्तीचं, टर्बो नाही, आणि खाली पाया पिकअपचा. टाटामोबाइलवरूनच ती बेतली होती. दिसायला स्टेशन वॅगन, अंगानं मालगाडी. ती घाटात धापा टाकणार नाही तर काय! लोकांनी निष्कर्ष काढला, स्टेशन वॅगन म्हणजे संथ. मग मारुतीची बलेनो अल्टुरा आली, १.६ लिटर पेट्रोल, चांगली चपळ, ती महाग म्हणून राहिली. २००४ ला इंडिगो मरीना आली, तिला लोक म्हणाले, ही तर अॅम्ब्युलन्स. अॅम्बॅसेडरच्या लांब गाड्या दवाखान्याच्या दारात पाहिलेल्या पिढीला तो आकार शुभ वाटत नाही, याला अभियांत्रिकीत उत्तर नाही. मामांच्या थोरल्या मुलाच्या वरातीला इस्टेट फुलांनी सजवली, तर नवरदेव तिच्यात बसेना. शेवटी शेजाऱ्यांची जीप आणली. आणि तिकडे इंग्लंडमध्ये १९९४ साली व्होल्वोनं ८५० ही स्टेशन वॅगन थेट ब्रिटिश टूरिंग कार शर्यतीत उतरवली. पेट्रोलवर, हं!

(श्रोत्यांतून : “मग आमच्या मायकोनं काय करायचं?” टाळ्या)

बरं झालं विचारलंत. नाशकात उभं राहून डिझेलला नावं ठेवली तर मला मायको सर्कलवरून घरी जाता येणार नाही, हे मी जाणतो. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण रिक्षावाल्याला अजून बॉश सर्कल म्हणून बघा. आणि मी डिझेलचा शत्रू नाही. सातपूरला मायकोत जे नोझल बनतं ते हातात घेऊन पाहिलंय का? करंगळीएवढा पोलादी तुकडा. आत सुई. सुई आणि तिचं घर यांच्यामध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट, माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरातला. ती जोडी एकमेकींसाठीच घासलेली असते, एकीची सुई दुसरीत चालत नाही. टोकाला केसासारखी बारीक भोकं, आणि कॉमन रेलमध्ये त्यांतून दीड-दोन हजार बारच्या दाबानं डिझेल फवारायचं, तेही एका स्फोटाला तीन-चार हप्त्यांत, म्हणून इंजिन पूर्वीसारखं खडखडत नाही. या शहरातल्या कित्येक घरांत त्या सुईवर मुलं शिकली. ट्रकला, ट्रॅक्टरला, एसटीला ती हवीच. मी फक्त एवढंच म्हणतोय की कॉलेज रोडवरून मुलाला क्लासला सोडायला ती नको. (हशा)

आणि हे मी गमतीनं म्हणत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी आली, डीपीएफ. साचलेली काजळी जाळायला जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते, त्यासाठी गाडी बराच वेळ सलग चालावी लागते. गंगापूर रोड ते कॉलेज रोड, मध्ये तीन सिग्नल आणि एक मिसळ, यात ती तापतच नाही. दिवा लागतो, मग वर्कशॉप. मारुतीनं त्याच वेळी डिझेल सोडलं. दिल्लीत तर डिझेल गाडीला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा, असा नियम झाला, तो...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. ‘पाच मिनिटे.’ घड्याळ मला दिसतंय, अध्यक्ष महाराज. दोन प्रश्न आलेत, ते घेतो आणि सीएनजी, हायब्रिड, इलेक्ट्रिक हे सगळं पुढच्या वर्षी, बोलावलंत तर. (हशा)

पहिली चिठ्ठी : ‘पेट्रोलमध्ये इथेनॉल घातल्यानं तुमचा हिशेब कोसळत नाही का?’ कोसळत नाही, वाकतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के फटका. १३ चे १२ धरा. मग किलोमीटरला ८ ऐवजी ८ रुपये ६७ पैसे, फरक ३ रुपये ३२ पैशांवर जातो आणि वसुली पंचेचाळीस हजारांवर येते. वर्षाला दहा हजारवाल्याला तरीही साडेचार वर्षं. उसाच्या पट्ट्यातले लोक समोर बसलेत, मी याहून जास्त बोलत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मात्र तपासून घ्या.

दुसरी : ‘मी धुळ्याला आठवड्यातून तीनदा जाते-येते, घरात सहा माणसं. तुमची स्टेशन वॅगन बाजारात मिळत नाही. मी काय घ्यावं?’

ताई, तुम्ही मला कोंडीत पकडलंत. (टाळ्या) नाशिक-धुळे जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर, आठवड्याला तीनदा, म्हणजे वर्षाला चाळीस हजारांच्या पुढे. सहा माणसांना तीन रांगा लागणारच. तुम्ही डिझेल घ्या. हो, मीच सांगतोय, मागच्या रांगेनं ऐकावं. सलग रस्ता आहे, जाळी तापेल, दीड लाख दीड वर्षाच्या आत वसूल होतील. फक्त घेताना शोरूममधला मुलगा म्हणेल, मॅडम, छतावर कॅरिअर बसवून देतो, फ्री. नको म्हणा. सामान आत, खाली ठेवा.