लॉजच्या दारावरची टकटक

गोंडपिपरीहून आष्टी-अहेरीकडे जाताना रात्र झाली, की माणूस लॉज शोधतो. रजिस्टरमध्ये नाव लिहा, ओळखपत्र दाखवा, एवढं रास्तच. आधारची झेरॉक्स मागितली, तर शेवटचे 4 अंकच दाखवणारं मास्क्ड आधार चालतं.

पण खोलीचं दार? ऑगस्ट 2015मध्ये मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, सज्ञान जोडप्यांना खोल्यांतून ठाण्यात नेलं. कारवाई कसली, तर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाची! बंद खोली सार्वजनिक कशी, हे कोडंच. 2017मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. गुन्ह्याच्या तपासात झडती होऊ शकते. स्त्रीची अंगझडती मात्र स्त्रीनंच घ्यायची. आणि खोलीत छुपा कॅमेरा दिसला, तर त्याला हात न लावता 112 फिरवा.