मोजण्यात गेलेला वेळ



तुमच्यापैकी अनेक जण दूरसंचाराच्या क्षेत्रात जाल. त्या क्षेत्रातल्या एकाच प्रश्नाविषयी मला आज बोलायचे आहे: अनेक अँटेना असलेल्या यंत्रणेने चॅनल मोजण्यावर किती वेळ घालवावा? टॉवरवरून निघालेली लहर इमारतींवर, डोंगरांवर, वाहनांवर आपटून अनेक वाटांनी मोबाइलपर्यंत पोचते आणि अँटेनाजोडीगणिक तिची तीव्रता व कला (फेज) वेगळी होते. हा फरक, म्हणजेच चॅनल, कळला तर एकाच कंप्रतेवरचे अनेक निरोप वेगळे काढता येतात. तो कळला नाही, तर ६४ अँटेना असूनही सगळे निरोप एकमेकांत मिसळलेलेच राहतात. म्हणून दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेले पायलट संकेत पाठवून चॅनल ओळखावे लागते. अडचण अशी की ही ओळख टिकत नाही. ३३०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ९ सेंटीमीटर असते. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतला फोन तिच्या निम्मे अंतर दोन मिलिसेकंदांच्या आत ओलांडतो, आणि तेवढ्यात आधीचे मोजमाप शिळे होते.

जे सतत बदलते ते मोजता तरी येते का, हा मुळातला प्रश्न होता. पुण्यात जन्मलेल्या आणि तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली पदवी घेतलेल्या थॉमस कैलथ यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत असताना, १९५९ साली, त्याची कसोटी मांडली. वाटांमधल्या विलंबाचा विस्तार आणि डॉप्लरचा (म्हणजे हालचालीमुळे कंप्रतेत पडणाऱ्या फरकाचा) विस्तार यांचा गुणाकार एकापेक्षा कमी असेल, तर चॅनल मोजता येते. आपल्या गाडीसाठी हा गुणाकार करून पाहा. विलंब तीन मायक्रोसेकंद आणि डॉप्लर विस्तार सुमारे ६०० हर्ट्झ धरला, तर उत्तर एकाच्या पाचशेव्या भागाइतके येते. म्हणजे मोजायला जागा आहे, पण ती अमर्याद नाही. याच कैलथ यांना आणि आरोग्यस्वामी पॉलराज यांना पुढे १९९४ साली अनेक अँटेनांच्या प्रसारणाचे पेटंट मिळाले.

पायलट संकेत काहीच माहिती वाहून नेत नाहीत, मग ते वायाच गेले नाहीत का, असे कोणी विचारेल. हसीबी आणि हॉखवाल्ड या संशोधकांनी २००३ साली या प्रश्नाचा हिशेब मांडला. पायलट आणि माहिती यांच्यात शक्ती हवी तशी वाटता येत असेल, तर जितक्या प्रसारक अँटेना तितकेच पायलट पुरतात. शक्ती समान ठेवावी लागली आणि संकेत क्षीण असला, तर मात्र निम्म्यापर्यंत वेळ मोजण्यात घालवणेच फायद्याचे ठरते. निम्मा वेळ! ही उधळपट्टी नव्हे. तो वेळ वाचवला तर उरलेल्या निम्म्यात पाठवलेले नीट वाचताच येत नाही. पायलटशिवाय, आलेल्या माहितीवरूनच चॅनल ताडणाऱ्या पद्धती आहेत आणि त्यांचा अभ्यास जरूर करा. पण त्यांना बरेच नमुने लागतात, शिवाय कलेबद्दलची संदिग्धता मागे उरते. धावत्या गाडीत तेवढी सवड नसते.

दुसरा आक्षेप आजचा आहे: यंत्र-शिक्षण हे सारे आपोआप शिकेल. एखाद्या परिसरातली चॅनल साधारणपणे कशी असतात, हे ते शिकेल, आणि त्यामुळे पायलट कमीही लागतील. पण या क्षणाची कला कालच्या विदेतून कळत नाही, ती आत्ताच मोजावी लागते. तरीही जुन्या निष्कर्षांना चिकटून राहा असे मी म्हणणार नाही. उदाहरण घ्या: शेजारच्या सेलने, म्हणजे शेजारच्या टॉवरच्या क्षेत्राने, तोच पायलट वापरला, तर मोजमाप दूषित होते. अँटेना कितीही वाढवल्या तरी ही चूक जात नाही, असे थॉमस मार्झेटा यांनी २०१० साली दाखवले, आणि पुढे तीच अंतिम मर्यादा मानली गेली. २०१८ साली ब्यॉर्नसन, हॉयडिस आणि सांग्विनेत्ती यांनी सिद्ध केले की अँटेनांमधला परस्परसंबंध नीट वापरला, तर ती मर्यादा ओलांडता येते. पण तो परस्परसंबंधही मोजूनच कळतो.

उद्या कामावर कोणी तुम्हाला पायलट कमी करून वेग वाढवायला सांगेल. होकार देण्याआधी, तिथले चॅनल किती वेळ स्थिर राहते हे स्वतः मोजा, आणि तो आकडा समोर ठेवूनच बोला.