कमलापूरच्या हत्तींना भेटायचंय?

महाराष्ट्रातला वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला. पूर्वी इथले हत्ती जंगलातले लाकडाचे ओंडके ओढायचे. तिथे जायला आलापल्लीहून सिरोंचाच्या रस्त्याला लागायचं. जानेवारीचा बेत असेल, तर आधी चौकशी कराच. थंडीत हत्तींच्या तळपायांना भेगा पडतात. म्हणून काही दिवस कॅम्प बंद ठेवून ‘चोपिंग’ करतात. म्हणजे जडीबुटी उकळून केलेल्या गरम लेपाने पाय शेकायचे. एवढी हक्काची रजा आपल्यात कुणाला मिळते हो? पावसाळ्यात मात्र तिकडच्या नाल्यांचा भरवसा नाही. आणि हत्तीला केळं भरवायचा हट्ट नको. माहूत सांगेल तेवढ्या अंतरावर उभं राहायचं, फोटोसाठीसुद्धा पुढे सरकायचं नाही.