‘हसताय ना?’ आणि आपलं ‘काहून’



जठारपेठेत आमची महिन्याची बैठक बसली आणि हप्ते गोळा व्हायला लागले, की कोणीतरी हमखास म्हणते, “हप्ता भरताय ना? भरायलाच पाहिजे!” सगळ्या हसतात. हे कुठून आलं ते तुम्हाला सांगायला नको. 2014 साली झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि निलेश साबळेंचं “हसताय ना? हसायलाच पाहिजे!” घरोघरी गेलं. आधी प्रश्न, लगेच उत्तर. जेवणापासून कर्जफेडीपर्यंत कोणतंही काम त्यात बसतं, म्हणून ते तोंडात राहिलं.

पण आम्हाला बोलायचं आहे ते भरत गणेशपुरेंबद्दल. माणूस आपल्या अमरावतीकडचा. त्यांचं ‘काहून’, ‘मले’, ‘करून रायलो’ टीव्हीवर ऐकलं तेव्हा आमच्या सासूबाया पदर तोंडाला लावून हसल्या. घरातलंच कोणी बोलतंय असं वाटलं! (लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्याआधीच गाजलं होतं, 52 पात्रं ते एकटे करायचे. पण ते वऱ्हाड लग्नाचं, अन् बोली मराठवाड्याची. नावावरून पुष्कळ जणींचा घोळ होतो.)

आता आपल्या बाया पाहा. गटात फडाफडा बोलतात, बँकेत गेल्या की गप्प. ‘मले अर्ज पाह्यजे’ म्हणावं की ‘मला’, यातच जीव अडकतो. आमच्यातल्या एकीला काउंटरवर कोणीतरी हसलं. तेव्हापासून ती पासबुक भरायलाही दुसरीला पाठवते. गणेशपुरे त्याच बोलीत समोरच्या पाहुण्याला चिमटा काढतात, लोक टाळ्या देतात. काउंटरवर मात्र चिमटा बोलणारीलाच बसतो.

टीव्हीवरचं सगळंच आम्हाला पटतं असंही नाही. कितीदा तरी वऱ्हाडी बोलणारा म्हणजे भोळा गडी नाहीतर इरसाल गावकरी, एवढंच दाखवतात. आणि आपल्या बोलीत बोलणारी, हिशेब विचारणारी बाई? ती आम्हाला अजून फारशी दिसली नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत आपणच एक नक्कल करणार आहोत. एक मॅनेजर, एक आपली बाई. कर्जाचा अर्ज वऱ्हाडीतच मागायचा, व्याजाचा दरही वऱ्हाडीतच विचारायचा, अन् उत्तर मिळाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मॅनेजर कोण होते ते अजून ठरलं नाही. जिच्याकडे चष्मा असंल तिनं घेऊन येजा बाप्पा!